पाटावरची रिकामी जागा

फार जुन्या काळची गोष्ट आहे. किती जुन्या, ते मला विचारू नका. ज्यांना ठाऊक होते ते सांगायच्या आधीच गेले.

एका राज्यात एक माळी, त्याची माळीण आणि त्यांची मुलगी रुंजी अशी तिघे राहत होती. त्यांच्या मळ्यातली खरबुजे इतकी गोड की बाजारात पोचण्याआधी वाटेतच संपत. पुढे एक क्रूर राजा त्या राज्यावर चालून आला. त्याने मळे जाळले आणि माणसे हाकलून दिली. माळिणीने निघताना खरबुजाच्या अकरा बिया पदराच्या टोकात शिवल्या, चार कपड्यांचे गाठोडे बांधले आणि मुलीचा हात धरला.

चालत चालत ती तिघे नदीपलीकडच्या राज्यात आली. शिपायांनी त्यांना वेशीजवळच्या धर्मशाळेत ठेवले. दर अमावास्येला माळिणीने गाठोडे बांधून चौकीवर जायचे आणि विचारायचे, "अजून एक महिना राहू का?" शिपाई कधी लगेच "राहा" म्हणे, कधी उगाच दुपारपर्यंत ताटकळत ठेवी. अशी तीन वर्षे गेली. बिया पदरातच राहिल्या. महिन्याभराच्या मुक्कामात खरबूज कोण लावतो?

आणि एके दिवशी राणीचा हुकूम आला, चांगला ताम्रपटावर कोरलेला! "या तिघांना या राज्यात कायमचे अभय. नदी वाहते आहे तोवर यांना कुणी हाकलणार नाही. राहायला घर आणि कसायला नदीकाठची जमीन."

काय सांगू तुम्हांला त्या दिवसाचा आनंद! माळी वेशीवरच नाचू लागला. त्याला नाचता येत नव्हते, पण त्या दिवशी ते कुणाच्या लक्षात आले नाही. रुंजीने ताम्रपट चिंच लावून घासला, इतका की त्यात तिला स्वतःचे नाक दिसायला लागले. माळीण आधी रडली, मग हसली आणि मग हसता हसता परत रडली.

गावानेही काही कमी केले नाही. कुणी सुपभर ज्वारी आणली, कुणी पाटा-वरवंटा. एका म्हातारीने कोंबडी आणली. ती हातातून सुटून थेट छपरावर चढली आणि तिला उतरवायला अर्धे गाव नव्या घराच्या अंगणात जमले. ओळखी करून द्यायची वेगळी गरजच पडली नाही.

मग अमावास्या आली. माळीण पहाटेच उठली, गाठोडे बांधले आणि उंबऱ्यावर येऊन बसली.

"आई, कुठं निघालीस?" रुंजीने विचारले.

"चौकीवर. विचारायला नको का?"

"अगं आई, आता कुणाला विचारायचंय?"

दोघी पोट धरधरून हसल्या. पण माळिणीने गाठोडे काही सोडले नाही. उचलून दाराआड ठेवले. असू दे, म्हणाली.

थंडी सरत आली. त्या गावात एक रीत होती. नदीचे पाणी एका पाटातून, म्हणजे लांबच लांब चरातून, सगळ्यांच्या शेतांना मिळे. वर्षातून एकदा सारे गाव पाटाच्या तोंडाशी जमे आणि घरटी एक दगड पाटाच्या काठावर ठेवला जाई. ज्याचा दगड, त्याला पाण्याची पाळी. ज्याचा दगड नाही, त्याला पाळी नाही. म्हातारा पाटकरी हे सगळे बघे. पाटाची दारे उघडणे आणि बंद करणे हे त्याचे काम.

रुंजीने आठवडाभर नदीत फिरून एक दगड शोधला होता, हिरवट, मध्ये पांढरी रेघ असलेला. तो मुठीत धरून ती आईला पुढे ओढू लागली. पण माळीण सगळ्यांच्या मागे उभी राहिली. तिच्या मुलखात पाहुणा पंगतीत पुढे बसत नसे. घरच्यांचे झाले की मगच तो ताटाला हात लावी. "आधी त्यांचं होऊ दे," ती म्हणाली. एकेक करून सगळ्यांचे झाले. पाटकऱ्याने तीनदा विचारले, "अजून कुणी?" पण पाहुण्याने स्वतःहून कसे मागायचे, म्हणून माळिणीने मान खाली घातली. लोक घरी गेले आणि रुंजीचा दगड मुठीतच राहिला.

तरी त्या घरात आनंदाला तोटा नव्हता. रुंजीच्या हट्टाने माळिणीने अखेर पदर उसवला आणि अकरा बिया मातीत घातल्या. नऊ उगवल्या! माळी दिवसातून दहा वेळा जाऊन त्या मोजू लागला. तिघे नदीवरून घागरी भरभरून आणत.

पण ऊन चढले. घागरीचे पाणी जमिनीला पुरेना. नऊचे सात झाले, सातचे पाच. जुन्या मुलखातले एवढेच काय ते उरले होते आणि तेही डोळ्यांदेखत कोमेजत होते. शेजारच्या शेतात पाटाचे पाणी खळखळत होते. गावकरी आपसात म्हणत, "यांना राहायचं दिसत नाही. नाहीतर पाळी घेतली नसती का?" इकडे माळीण माळ्याला म्हणे, "आपण पाणी मागितलं, तर उद्या म्हणतील, बाहेरून आले आणि आमचं पाणी प्यायले."

पाचाचे चार झाले तेव्हा रुंजीला राहवेना. तिने आईचा हात धरला आणि ओढतच तिला पाटकऱ्यापुढे नेऊन उभे केले.

"आजोबा, आमचे वेल मरतायत. तुम्ही पाणी का देत नाही?"

"देऊ कसं?" म्हातारा तडकला. "पाहुण्याला आम्ही तांब्यातून पाणी देतो, घरच्याला पाटातून. तुम्ही पाहुणे की घरचे, हे मी ठरवायचं होय? तीनदा विचारलं मी. तिन्ही वेळा तुमच्याकडे बघूनच विचारलं."

माळीण चपापली. "पण बाबा, आमच्यामुळे कुणाचं पाणी कमी झालं तर?"

"माळीणबाई, दगड ठेवणाऱ्याला नुसतं पाणी मिळत नाही, पाटाचा एक टप्पाही उपसावा लागतो. शेवटचा टप्पा तुमच्या शेताजवळचा. तिथं कुणाचा दगड नाही म्हणून वर्षानुवर्षं गाळ साचलाय आणि त्याच्याखालची तीन शेतं कोरडी पडलीत. तुम्ही मागत नाही म्हणून त्यांनाही मिळत नाही!"

"पण दगड ठेवायचा दिवस तर गेला."

म्हातारा मिशीत हसला. त्याने दोघींना पाटाच्या काठावर नेले. दगडांच्या रांगेत एक जागा मोकळी होती. तिथे चुन्याचा ठिपका होता. "रांग पुरी झाली, असं मी अजून म्हटलेलं नाही," तो म्हणाला.

माळिणीने रुंजीकडून दगड घेतला. मग तिने तो ठिपक्यावर ठेवला आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हा आमचा!"

दुसऱ्या दिवशी तिघे फावडी-घमेली घेऊन गाळात उतरली. थोड्या वेळाने खालच्या तीन शेतांचे धनी उतरले. दुपारपर्यंत निम्मे गाव गाळात होते आणि ती कोंबडीवाली म्हातारी काठावरून सगळ्यांना हुकूम सोडत होती. संध्याकाळी पाटकऱ्याने दार उघडले. पाणी आले! रुंजी पाण्याच्या पुढे पुढे पळत सुटली आणि ओरडत राहिली, "आलं, आलं!"

चार वेल जगले. त्यांना खरबुजे धरली आणि सुगंध पार वेशीपर्यंत गेला. माळिणीने गावातल्या प्रत्येक घरी एकेक फोड दिली आणि प्रत्येक घरून बिया परत मागून घेतल्या, पुढच्या वर्षासाठी.

एका टळटळीत दुपारी पाटकरी तिच्या दारात आला आणि दाराआड डोकावला. त्या गाठोड्याची गोष्ट रुंजीने गावभर सांगितली होती. "माळीणबाई, गाठोडं दिसत नाही ते? आज चौकीवर जायचं नाही का?"

"कसली चौकी?" माळीण म्हणाली. मग तिने कपाळाला हात लावला. "अगंबाई, आज अमावास्या होय! मला मेलीला पत्ताच नाही. ते गाठोडं कधीच सोडलं. त्याच कापडातून खरबुजं वाटली."

आणि तिने माठातून तांब्या भरून म्हाताऱ्याच्या हातात दिला. "बसा, पाणी घ्या. तुम्ही आमच्या घरचे पाहुणे."

बोध एवढाच: अभय दुसरा देतो, पण आपली जागा आपणच पुढे होऊन घ्यावी लागते.