मुलाखतीचा पुकारा

"कोणीच नाही म्हणणाऱ्या माणसाचं घर मी कुठून शोधून काढू, बाई?"

सारंग ठोंबरेनं फाईल टेबलावर टाकली.

देशभ्रतारबाई एकतीस वर्षं तुरुंगात समाजसेविकेचं काम करत होत्या. सारंगला जेमतेम पाच महिने झाले होते. पण त्याच्याकडे विद्यापीठाचं सुवर्णपदक होतं, आणि ते तो कोणाला विसरू देत नसे.

किसन नेवारेला आत येऊन नऊ वर्षं झाली होती. शुक्रवारी सुटकेची समिती बसायची होती. सुटल्यावर याला घरात घेणारं कोण, हे सारंगच्या अहवालात नसेल तर त्याचं नाव यंदाही गळणार होतं. सारंगनं त्याला सात वेळा ऑफिसात बोलावलं होतं. दर वेळी तो जमिनीकडे बघत एकच सांगायचा.

"माहं कोनी नाई, साहेब."

सारंग आता इरेला पेटला होता.

"प्रश्न तर मी बरोबरच विचारलेत."

"हो," बाई म्हणाल्या.

"मग?"

बाईंनी हात पुढे केला, त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं.

"उद्या बुधवार. मुलाखतीचा दिवस, कैद्यांना घरचे भेटतात तो. बाहेरच्या रांगेत लाग."

"मी? अहो, मला तर आत..."

"नेवारेच्या नावाची चिठ्ठी भर."

सारंगच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी तो गेला.

तीन तास उन्हात उभा राहिला. पुढे एक म्हातारी, मागे कडेवर लेकरू घेतलेली बाई. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. एवढ्या माणसांत उभं राहूनही इतकं एकटं वाटतं, हे त्याला कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं.

खिडकीतल्या कारकुनानं त्याला ओळखलं आणि दात काढले. चिठ्ठीवर 'कैद्याशी नातं' असा रकाना होता. सारंगनं बराच वेळ पेन नुसतंच धरून ठेवलं. मग लिहिलं, 'ओळखीचा'.

आत पुकारा झाला.

"किसन नेवारे, मुलाखत!"

नऊ वर्षांत पहिल्यांदा.

किसन धावतच आला. केस पाण्यानं चापून बसवलेले, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. जाळीपलीकडचा एकेक चेहरा तो बघत गेला. नजर सारंगवरून पुढे सरकली, टोकापर्यंत गेली, परत आली.

"ताई नाई आली?"

सारंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाही. मीच आलोय."

"रांगेत होते तुम्ही?"

"हो."

किसननं जाळीत बोटं अडकवली. आजूबाजूला सगळे ओरडून ओरडून बोलत होते. सारंगला सगळे प्रश्न पाठ होते, पण एकही विचारवेना...

वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा किसन हळूच म्हणाला, "बोरखेडीले असते ताई. मांगं माह्यापायी पोलीस गेलते तिच्या दारी. तवापासून मी कोनी नाई म्हनतो... लय आठवन येते तिची."

आणि पाठ फिरवून तो गेला.

दुपारी सारंग बाईंच्या टेबलासमोर उभा होता.

"बाई, बहीण आहे त्याला. गावही कळलं."

"बरं."

"पण हे त्यानं साहेबाला नाही सांगितलं. भेटायला आलेल्याला सांगितलं. अहवालात घातलं, तर चौकशीला तिच्या दारात पुन्हा पोलीसच जातील. नाही घातलं, तर हा आतच राहील."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"बाई... मी काय करू?"

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"बोरखेडीची एसटी साडेतीनला आहे."