दुपार कुठं उतरवू?

धडाम! संध्याकाळचे सात वाजले आणि लखलखपूरची डीपी पुन्हा उडाली.

डीपी म्हणजे वेशीजवळच्या दोन खांबांवर बसवलेला लोखंडी डबा. साऱ्या नगराला वीज वाटायचं काम त्याचं. रोज सातला महाराज रणधवल दरबारातलं हजार दिव्यांचं झुंबर लावत, आणि नेमक्या त्याच वेळी चाळीस विजेच्या रिक्षा घरी येऊन प्लगला लागत. सगळेच एकदम जेवायला बसले तर एकटा डबा वाढून वाढून किती वाढणार?

"दोष रिक्षांचा, महाराज," अंधारातून वीजप्रधान त्रिंबकपंतांचा आवाज आला.

हे पंत मोठे हुशार. नगरात घरोघरी छतावर सौर पाट्या होत्या. भर दुपारी त्यांची वीज इतकी व्हायची की घराघरात बल्ब फुटायचे. पंतांनी दवंडी पिटवली, 'दुपारी पाट्यांवर गोधड्या पांघराव्यात!' तेव्हापासून बारा ते तीन लखलखपूरची छतं गोधडीत झोपत. महाराजही झोपत. त्यांच्या वामकुक्षीत घंटी वाजू नये म्हणून त्या वेळी रिक्षा चालवायला बंदीच होती.

"उद्यापासून रिक्षा बंद!" सिंहासन चाचपडत महाराज गरजले. "सगळ्या हत्तीखान्यात जमा करा!"

दाराशी मथुरा उभी होती. राणीसाहेबांच्या पाहुण्यांना ती नुकतीच आपल्या रिक्षातून स्टँडवरून घेऊन आली होती. त्या रिक्षावर तिने दोन लेकी शिकवल्या होत्या. ती तशीच पुढं झाली.

"मग म्हातारीकोतारी दवाखान्यात कशी जायची, महाराज? हत्तीवर बसून?"

दरबारात कुणीतरी खुदकन हसलं. महाराज इरेला पेटले. "फार बोलतेस! मग ऐक. उद्या सातला माझं झुंबर पुरतं लागलं पाहिजे. डीपी बदलायची नाही, एक दिवा काढायचा नाही, एक रिक्षा बंद ठेवायची नाही."

"आणि वीज सूर्याचीच हवी," पंतांनी पुस्ती जोडली.

"वा, पंत! दुपारचं ऊन संध्याकाळी माझ्या दरबारात आणून दाखव. नाहीतर पहिली तुझी रिक्षा हत्तीखान्यात."

"बरं," मथुरा म्हणाली. "सातलाच आणू, का जरा आधी?"

दुसऱ्या दिवशी बारा वाजले. राजवाड्यातून घोरणं ऐकू येऊ लागलं. लिंबाखाली चाळीस रिक्षावाले रिक्षातून पाय बाहेर काढून आडवे झाले होते. मथुराने एकेकाचा अंगठा ओढून त्याला उठवलं.

"घरी चला! छतावरची गोधडी काढा, रिक्षा प्लगला लावा आणि मग खुशाल घोरा."

"बल्ब फुटतील की गं बाई," बापू कुरकुरला. रिक्षावाल्यांत तो सगळ्यात जुना.

"खाणारं कुणी नव्हतं म्हणून फुटत होते. आता चाळीस उपाशी पोटं आहेत!"

गोधड्या निघाल्या. एकही बल्ब फुटला नाही. तीन वाजता घंट्या किणकिणल्या तेव्हा प्रत्येक रिक्षाची बॅटरी काठोकाठ भरली होती. चौघी शेजारणींनी तर खुशीत एकमेकींच्या गोधड्या पळवल्या.

रिक्षा संध्याकाळपर्यंत पळाल्या आणि पावणेसातला राजवाड्याच्या चौकात, दरबाराच्या उघड्या दारासमोर ओळीने लागल्या. लाइनमन सखोबाने झुंबराची तार डीपीपासून सोडवली आणि रिक्षांच्या बॅटऱ्यांना जोडली. मथुराने आपल्या रिक्षाच्या हँडलवर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

सातचे टोल पडले. महाराजांनी डोळे मिटले, एका कानात बोट घातलं आणि बटण दाबलं.

धडाम झालंच नाही. महाराजांनी एक डोळा उघडला. वर हजारच्या हजार दिवे लखलखत होते!

मथुराने मुजरा केला. "महाराज, चाळीस रिक्षा भरून दुपार आणलीय. कुठं उतरवू?"

पंत उसळले. "पण रिक्षा रिकाम्या होणार! उद्या सकाळी त्या ढकलत न्यायच्या का?"

"अर्ध्याच रित्या होतील, पंत. नऊला महाराज झोपतात. झुंबर विझलं की डीपी मोकळी. मग दहा-दहा रिक्षा पाळीपाळीनं लावू. चाळीसजणी एकाच पंगतीला कशाला बसवायच्या?"

महाराजांनी बोटं मोजली. "थांब. दुपारी मी झोपतो म्हणून रिक्षा भरल्या. रात्री मी झोपल्यावर त्या पुन्हा भरणार. असंच ना?"

"हो, महाराज. राज्याची वीज आपल्या झोपेवरच चालते. डीपी उडते ती आपण जागे असताना."

पंतांनी डोळेच मिटून घेतले. आणि महाराज हसले. आधी मिशीतल्या मिशीत, मग मांडी थोपटत, मग इतके की मुकुट घरंगळत थेट मथुराच्या रिक्षाच्या चाकाशी गेला.

"पंत," डोळे पुसत ते म्हणाले, "सगळ्या गोधड्यांच्या घड्या घाला आणि ज्याची त्याला नेऊन द्या. मथुरा, आजपासून वीजप्रधानाची खुर्ची तुझी."

मथुराने त्या चंदनी खुर्चीभोवती एक फेरी मारली आणि वाकून खाली पाहिलं.

"महाराज, हिला चाकं कुठं आहेत?"

महाराज पुन्हा हसत सुटले. सकाळी मथुराच्या रिक्षावर सोनेरी पाटी चढली, 'वीजप्रधान'. आणि मागच्या सीटवर, गोधड्यांच्या ढिगात गळ्यापर्यंत बुडालेले, पहिले प्रवासी त्रिंबकपंत बसले होते.