कुलपाचे झाकण

एकदा एक धान्याचा व्यापारी आपली मोटार घेऊन एका वृद्ध वस्तादांच्या गॅरेजात आला. मोटारीतला इशाऱ्याचा पिवळा दिवा विझत नव्हता आणि मागच्या चाकापाशी पेट्रोलचा वास येत होता. चालक गाडी उभी करून बाजूला झाला, तसा व्यापारी वस्तादांच्या शिष्याजवळ सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "हा माझ्या गाडीतून पेट्रोल काढतो. नळीबिळी कापली असणार. तुम्ही नुसतं तसं सांगा, आज संध्याकाळीच त्याला कामावरून काढतो."

"पण वास येतोय हे तुमच्या लक्षात कसं आलं?" शिष्याने विचारले.

"त्यानंच सांगितलं. आपल्यावर येऊ नये म्हणून आधीच बोंब मारली. मी काय दूधखुळा आहे?"

संशयी माणसाचे हे असेच असते. समोरचा गप्प बसला तर तो लपवतो आणि बोलला तर तो बनाव करतो. बिचाऱ्याने करावे तरी काय? चोर ठरून बाहेर पडलेल्या चालकाच्या हाती त्या गावात दुसऱ्या कोणीही गाडी दिली नसती.

शिष्य हुशार होता, पण त्याची हुशारी नेहमी जरा घाईत असे. त्याने तपासयंत्र जोडले. टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत न जाता इंजिनात जाऊन जळावी, अशी व्यवस्था मोटारीत केलेली असते आणि त्या वाफेचा दाब मोजायला एक सेन्सर असतो. यंत्राने त्याच सेन्सरकडे बोट दाखवले. त्याला दाब मिळत नव्हता. शिष्याने तो काढून टाकला आणि नवा बसवला. एक लांबची फेरी मारून परत येईपर्यंत दिवा पुन्हा लागला होता.

आता शिष्याच्याही मनात संशयाचा किडा वळवळू लागला. नवा कोरा सेन्सर खोटे कसे सांगेल? त्याने गाडीखाली वाकून पाहिले. नळ्या धड होत्या, तरीही तो व्यापाऱ्याला म्हणाला, "शेठ, तुम्ही म्हणता ते अशक्य नाही."

व्यापाऱ्याला तेवढेच हवे होते. तो तावातावाने चालकाकडे निघाला.

"शेठ, जरा थांबा," इतका वेळ हे सारे पाहत बसलेले वस्ताद म्हणाले. ते सावकाश उठले. त्यांनी नवा सेन्सर काढला, शिष्याने टाकून दिलेला जुना सेन्सर उचलून स्वच्छ पुसला आणि तोच पुन्हा जागेवर बसवला.

"नवा काढून जुना लावता?" व्यापारी भडकला. "तुम्हीसुद्धा त्याला सामील दिसता!"

शिष्यही चक्रावून गेला. वस्तादांनी गळती शोधायचे, धूर सोडणारे यंत्र आणून वाफेच्या नळीला जोडले आणि चालकासह सर्वांना गाडीभोवती उभे केले. धूर आत शिरला. नळ्यांपाशी काही दिसले नाही, टाकीखालीही नाही. मग टाकीच्या तोंडाशी, झाकणाच्या कडेने, पांढरा धूर निवांतपणे बाहेर येऊ लागला.

झाकण मूळचे नव्हते. बाजारातून आणलेले, कुलपाचे होते.

"याची किल्ली कोणाकडे असते?" वस्तादांनी विचारले.

व्यापाऱ्याचा हात खिशाकडे गेला. पंपावर स्वतः उतरून कुलूप उघडायचे आणि पेट्रोल भरून झाले की स्वतःच लावायचे, अशी त्याची रीत होती. "मीच बसवलंय," तो म्हणाला. "यानं पेट्रोल चोरू नये म्हणून. वास तर त्यानंतर यायला लागला. मला वाटलं, कुलूप लागल्यावर यानं दुसरी वाट शोधली."

चालक हे ऐकत होता. त्याचा चेहरा उतरला.

"हे झाकण घट्ट बसत नाही," वस्ताद म्हणाले. "वाफ बाहेर जाते, मग आत दाब राहणार कुठून? जुना सेन्सर तेच सांगत होता, म्हणून मी त्याला परत बसवला. तुमच्या ड्रायव्हरनंही वास येतो तेच सांगितलं. बिघाडाची खबर जो देतो तोच आपल्याला आधी दिसतो, आणि आपण त्यालाच धरतो." मग ते शिष्याकडे वळले. "तू गाडीखाली वाकलास, पण झाकणाला हात लावला नाहीस. कारण कुलूप म्हणजे ते मालकाचंच, हे तू धरून चाललास. मालकाच्या कुलपाचा संशय घ्यायचं तुला सुचलंच नाही."

शिष्याने नेमके बसणारे झाकण शोधून आणले. ते लावल्यावर धूर थांबला. व्यापाऱ्याचा जीव भांड्यात पडला.

"चला, मिटलं!" तो चालकाला म्हणाला. "काढ गाडी."

"आज घरी सोडतो, शेठ. उद्यापासून दुसरा माणूस बघा."

"अरे, पण तू चोर नाहीस हे आता सिद्ध झालं ना?"

"आज झालं," चालक म्हणाला. "रोज सिद्ध करायला मला जमायचं नाही."

व्यापारी मागे जाऊन बसला. गाडी निघण्यापूर्वी शिष्य चालकाच्या खिडकीशी गेला. "मघाशी शेठना मी म्हणालो होतो की तुम्ही नळी कापली असणं अशक्य नाही. माझ्याकडे कसलाही पुरावा नव्हता. माझं चुकलं."

"निदान तुम्ही तोंडावर सांगितलंत," चालक म्हणाला आणि त्याने गाडी सुरू केली.