चुन्याची अट

ही कथा दोन वर्षांपूर्वी, फाल्गुनातल्या एका शनिवारी दुपारी, रत्नप्रभा तांडेल यांच्याकडून ऐकली. त्या अंगणात जाळे विणत बसल्या होत्या. त्यांनी सांगितली त्याच क्रमाने ती येथे दिली आहे.

फार पूर्वी एका राज्यात लिहित्या घरांची चाल होती. सकाळी सडा पडला की प्रत्येक घर आपल्या दर्शनी बाजूवर चार ओळी लिही: कोण पाहुणे आले, कोणाची गाय व्याली, कोणाशी अबोला धरला. वाटसरू थांबून वाचत, आणि वाटले तर खाली कोळशाने दोन शब्द लिहून पुढे जात. मजकुराभोवती वेलबुट्टी काढण्याची हौस साऱ्यांनाच होती. सर्वांत देखण्या घराला राणी दर वर्षी मानाची शाल देई.

या स्पर्धेचा परीक्षक मोठा काटेकोर माणूस होता. कोणावर अन्याय होऊ नये म्हणून त्याने सर्वांना एकच नियम लावला होता: सहा हात भिंत, तिला पांढरा चुना, त्यावर गेरूची नक्षी. "नियम एक असला की पक्षपात उरत नाही," असे तो म्हणे, आणि मनापासून म्हणे.

एके वर्षी राणीने नावांची यादी पाहिली आणि परीक्षकाला विचारले,

"पंत, यात नगराबाहेरचे एकही घर कसे नाही?"

"दवंडी सगळीकडे दिली होती, राणीसाहेब. त्यांना हौस नसावी."

"स्पर्धा राज्याची म्हणायची आणि एका नगरापुरती भरवायची, हे मला पटत नाही. यंदा रानातली आणि नदीवरची घरे आली नाहीत, तर स्पर्धा बंद."

उमेदीची सारी वर्षे परीक्षकाने या एका कामात घातली होती. रानातल्या आणि नदीवरच्या माणसांना चुना मिळत नसेल, असे त्याला वाटले. त्याने गाड्या भरून चुना पाठवला आणि पंधरा दिवसांनी तो स्वतः पाहायला निघाला.

रानातल्या पाड्यावर घरांच्या भिंती कुडाच्या होत्या, वर शेणमातीचा लेप. त्यावर चुना टिकला नव्हता. पोपडे सुटून भिंतीच्या पायथ्याशी ढीग पडला होता. उंबऱ्यात बसलेला म्हातारा म्हणाला, "या पंत, या. तुमची भिंत खाली उतरून बसलीय. तुम्हीही टेका."

परीक्षक तिथून नदीकडे वळला. तिथली माणसे बारा महिने नावांवरच राहत आणि शिडावर लिहीत. एक नाववाली काठावर शीड पसरून टाके घालत होती.

"फाटलं का, बाई?"

"नाही, हसतंय. तुमचा चुना लावला, शीड कडक झालं आणि उलगडताना उभं चिरलं. सहा हात भिंत मागितलीत. माझ्याकडे सहा हात एवढं एकच होतं."

"अहो, पण शिडाला चुना लावायचाच नव्हता!"

"मग दवंडीत तसं सांगायचं होतं. तिथं तर, चुना नाही तर यादीत नाव नाही."

परीक्षक वाळूत बसला आणि त्याने शिडाचे दुसरे टोक धरले. मग तो पुटपुटला, "नियम तर सगळ्यांना सारखाच होता."

"नियम सारखा होता हो. घरं कुठं सारखी आहेत? आणि काय हो पंत, चुना तुम्हाला लागतो तरी कशाला?"

हे त्याला आजवर कोणी विचारले नव्हते. तो विचार करून म्हणाला, "अक्षर उठून दिसावं म्हणून."

"आणि गेरू?"

"नक्षी दुरून कळावी म्हणून."

"मग तेवढंच मागा की. कसं साधायचं ते आमचं आम्ही बघतो."

परतल्यावर परीक्षकाने जुना नियम स्वतःच्या हाताने खोडला. नवी दवंडी अशी झाली: घर कशाचेही असो, दहा पावलांवरून मजकूर वाचता यावा, नक्षीने तो झाकू नये, आणि वाटसरूला दोन शब्द लिहायला जागा उरावी.

नगरातले काही जण कुरकुरले. "शिडाची आणि भिंतीची तुलना होते का कधी?"

"मी भिंत तपासत नाही," परीक्षक म्हणाला. "वाचणाऱ्याला काय मिळाले, ते तपासतो."

स्पर्धेच्या दिवशी पाड्यावरच्या तांबूस भिंतींवर तांदळाच्या पिठाची अक्षरे उठून दिसत होती. नाववालीने टाक्यांच्या ओळीचाच वेल केला होता. राणीने सर्व घरे पाहिली. परीक्षकाने सर्वांना तीच कसोटी लावली. शाल मात्र नगरातल्या एका कुंभारणीला मिळाली.

परीक्षक बिचकतच नाववालीकडे गेला. "बाई, राग आला असेल."

"राग कशाचा? आज मी रीतसर हरले, पंत. इतकी वर्षं आम्हाला हरायलासुद्धा मिळत नव्हतं."

हे राणीने ऐकले. स्पर्धा चालू राहिली, आणि दवंडी कायमची बदलली.

तात्पर्य: नियम सर्वांना सारखा असून भागत नाही, तो प्रत्येकाला आपापल्या परीने पाळता आला, तरच तो न्याय्य ठरतो.

नाववालीचे ते शीड राणीने ठेवून घेतले आणि पुढे वर्षभर ते राजवाड्यात टांगलेले होते, असे रत्नप्रभाबाईंनी सांगितले. ही कथा ठाऊक असलेले इतर दोघे मात्र म्हणतात की वारा चांगला सुटला होता, म्हणून नाववालीने ते त्याच संध्याकाळी परत नेले. यातले खरे कोणते, याची खातरजमा शेवटपर्यंत करता आली नाही.