चित्रकथ्याचा नारळ

पुष्कळ पुष्कळ वर्षं झाली त्याला. घाटाखालच्या एका राज्यात एक म्हातारा चित्रकथी राहत होता. देवीच्या जत्रेत तो एकेक चित्र उचलून दाखवायचा आणि त्याची कथा गायचा. चित्रं त्याच्या वडिलांनी रंगवलेली. त्याला ती जीव की प्राण होती.

काय दिवस होते वडिलांचे! कुणाला चित्र उतरवून घ्यायचं असलं, तर तो त्यांच्यापुढे नारळ ठेवून विचारायचा. वडील कधी नाही म्हणाले नाहीत. उलट शेजारी बसवून कथाही शिकवायचे. शिकलेला माणूस मग जन्मभर आधी त्यांचं नाव घ्यायचा आणि नंतरच गायला लागायचा. हे आठवलं की म्हाताऱ्याला भरून यायचं.

एका जत्रेत एक तरुण आला. म्हातारा जेवायला गेलेला पाहून त्याने तेल लावलेला पातळ कागद चित्रांवर ठेवला आणि एकूण एक चित्र गिरवून घेतलं. पुढच्या जत्रेत तीच चित्रं 'माझी, माझी' म्हणून तो मिरवू लागला.

म्हाताऱ्याचं डोकंच फिरलं. चित्रं पेटीत घालून त्याने भलंमोठं कुलूप ठोकलं.

"अहो, आता ती काय उंदरांना दाखवायची?" म्हातारी म्हणाली.

"उंदीर निदान माझी म्हणून मिरवत नाहीत!"

उंदरांचं सोडा, वाळवीला कुलूप कुठलं अडवतंय? पुढे कधीतरी पेटी उघडली, तर आत नुसती माती. म्हातारा लहान मुलासारखा रडला. बापाची सगळीच्या सगळी चित्रं आता जगात एकाच घरी उरली होती.

तो त्या तरुणाच्या दारी गेला. पुढ्यात नारळ ठेवून म्हणाला, "बाबा रे, तुझ्याकडची चित्रं उतरवून घेऊ का?"

तरुण गोरामोरा झाला. "आजोबा, ती तुमचीच. मला कसलं विचारता?"

"आमच्यात विचारल्याशिवाय घेत नाहीत."

तरुणाला मान वर करवेना. पुढच्या जत्रेत त्याने भर गर्दीत आपली चोरी सांगितली. लोक चिडून उठून गेले. त्याच्यापुढे एकटा म्हातारा बसून राहिला. त्याने तरुणाला जवळ ओढलं आणि पहिल्या चित्रापासून कथा शिकवायला घेतली.

म्हणून लहानथोरांनो, दुसऱ्याची कला घ्यावी ती विचारून आणि त्याचं नाव सांगून. चोरून आणलेली घरात येते, पण आपली होत नाही.