काजव्याचा दिवा आणि शेणाचा गोळा

माणसांनी रस्ते बांधले नव्हते, तेव्हा रात्रीची रहदारी शेताच्या बांधावरूनच चालायची. डाव्या हाताला गवत, उजव्या हाताला उघडी विहीर.

भिवबा शेणकिडा आणि त्याची बायको ठकी, पोरांच्या जेवणाचा शेणगोळा ढकलत घरी निघाले होते. समोरून एक काजवा बुडाचा दिवा फुल्ल पेटवून आला.

"मेल्या, दिवा झाक! काही दिसत नाही!" भिवबा ओरडला.

"बूड माझं, दिवा माझा!" काजवा म्हणाला.

भिवबा पेटला. गोळा सोडून दिव्याकडेच डोळे वटारून उभा राहिला. गोळा निघाला विहिरीकडे! ठकीनं तो कसाबसा पाठीनं अडवला.

"अहो, त्याचं बूड काय बघताय? पोरं उपाशी राहतील! डावीकडचं गवत बघा आणि हळू चला."

दोघं गवताच्या कडेनं निघाले. तेवढ्यात मागून दुसरा काजवा तसाच झगमगत आला. दिवा कोण झाकणार? दोन्ही काजवे आंधळे होऊन एकमेकांवर आदळले आणि धपकन शेणगोळ्यात रुतले. माखलेल्या बुडांतून मिणमिणता उजेड येऊ लागला.

"वहिनी, बाहेर काढा!"

"घरी गेल्यावर," ठकी म्हणाली. "एवढाच उजेड पुरतो."