कुंभारआळीची मोकळी जागा

किती वर्षं लोटली, ते आता त्या डोंगरालाही आठवत नसेल. ग्रीकांच्या गावांवर तेव्हा रोमचं राज्य होतं. थेरीना नावाच्या डोंगरगावात विबियस नावाचा एक रोमन लोकरीचा व्यापारी आला आणि तिथलाच होऊन राहिला. निदान त्याला तसं वाटत होतं.

गावात पाण्याचे हाल. बायका कोसभर उतरून घागरी भरून आणायच्या. विबियसनं जन्माची कमाई ओतून डोंगरातल्या झऱ्यापासून दगडी पाट बांधून घेतला. पहिल्या दिवशी तो काठी टेकत पुढे चालला आणि पाणी त्याच्या मागोमाग गावात आलं, असं म्हणतात.

गाव उपकार विसरणारं नव्हतं. लोकांनी त्याला सोन्याचा मुकुट घातला, नाट्यगृहात सगळ्यांत पुढे संगमरवरी आसन दिलं आणि त्यावर कोरलं, 'परक्या उपकारकर्त्याला'. तिथल्या रिवाजात बाहेरच्या माणसाला याहून मोठा मान नव्हता. दर वसंतोत्सवात दवंडीवाला पुकारायचा, "परक्या उपकारकर्त्या, पुढे ये!"

विबियस पुढे जाऊन बसायचा. एकटाच. मागे वरच्या पायऱ्यांवर कुंभारआळीतले त्याचे शेजारी दाटीवाटीनं बसायचे, भाजलेले हरभरे खायचे, भांडायचे, हसायचे. कुणी उशिरा आलं की म्हणायचे, "सरका जरा, आपला माणूस येतोय." ते ऐकून विबियस मागे वळून पाहायचा. वीस वर्षं त्यानं त्या हाकेची वाट पाहिली. एवढ्या मोठ्या माणसाला हरभरे खायला कसं बोलवायचं, म्हणून लोक बिचारे संकोचत राहिले!

एकदा शेजारच्या मिर्तो कुंभारणीला तो म्हणाला, "मिर्तोबाई, तो दगड फार गार लागतो हो."

"मग उशी शिवून देते की!" ती म्हणाली.

तो हसून काठी टेकत घरी गेला. पुढच्या वसंताआधीच तो वारला, आणि त्याच दिवशी पाट आटला, असं म्हणतात. नवस झाले, त्याच्या आसनावर मुकुट वाहून झाले, पण थेंब येईना. उत्सवात दवंडीवाल्यानं सवयीनं रिकाम्या आसनाला हाक मारली, तेव्हा मिर्तोला त्या गार दगडाचा अर्थ उमगला. ती ताडकन उठली आणि रडत ओरडली, "मेल्यांनो, सरका जरा! आपला माणूस येतोय!"

सगळी आळी सरकली. एका माणसापुरती जागा झाली, आणि खाली पाट खळाळला.

थेरीनात अजून उत्सवाला त्या पायरीवर तेवढी जागा सोडतात, मूठभर हरभरे ठेवतात. कुणी नवख्यानं विचारलं, ही कुणाची जागा, तर म्हणतात, "आमच्या विबियसची. येईल, त्याला जरा उशीर झालाय."